हौसाबाई सायाळ आणि बगळ्यांची बँक

एका जंगलात एक बँक होती.

दात काढू नका. वाघ दरबार भरवतो, कोल्हा वकिली करतो, ते तुम्ही निमूट ऐकून घेता. मग बँकेनेच काय घोडं मारलंय? मांडी घाला आणि ऐका.

ही बँक खाडीच्या काठी, टेकाडावर होती. काळ्या घडीव दगडाची. समोर चार खांब. एकेक खांब इतका जाड की तीन अस्वलांनी हातात हात धरून कवेत घ्यायला जावं, तर चौथ्याला हाक मारावी लागे. खांबांवर दगडाचं त्रिकोणी कपाळ. कपाळावर कोरलेला मासा. माशाला पंख. मागे गोल घुमट, आणि घुमटावर एक टोक, ज्यावर कावळ्यालासुद्धा धड बसता येत नसे.

आता तुमच्यातला एखादा शहाणा विचारील, खांबांनी काय तोलून धरलं होतं? कपाळ. कपाळाने काय धरलं होतं? मासा. आणि माशाने? काही नाही. छप्पर होतं ते मागच्या भिंतींवर. खांब नुसते उभे होते. समोर येईल त्याला आपण लहान आहोत असं वाटायला लावणं, एवढंच त्यांचं काम. ते काम त्यांनी कधी चुकवलं नाही.

ही बँक बांधली बगळ्यांनी. खाडीपलीकडून आले होते. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे, डोळे मिटलेले. जंगलाला वाटलं, साधू आले. तोवर प्राणी आपापले कंद, मोहाची फुलं, चारोळ्या आपापल्या बिळात नाहीतर ढोलीत ठेवायचे. बगळे म्हणाले, बिळात घूस शिरते, ढोलीला वाळवी लागते, तुम्हाला पक्की जागा पाहिजे. इतकी वर्षं कुणाला घूस दिसली नव्हती. त्या दिवसापासून सगळ्यांना दिसायला लागली.

दगड वाहिला गव्यांनी. कोरीव काम केलं सुतारपक्ष्यांनी. त्यात त्यांच्या चोची अशा बोथटल्या की त्या जंगलातले सुतारपक्षी आजही नुसती पिकली उंबरं खातात. बगळ्यांनी काय केलं? एका पायावर उभं राहून देखरेख केली. मग पाय दुखला म्हणून दुसऱ्या पायावर उभे राहिले.

पुढचा दरवाजा सागवानी. गवा शिंगांसकट आत जाईल एवढा. मागचा दरवाजा मात्र उंच आणि अरुंद, अगदी बगळ्याच्या अंगाचा. तो थेट खाडीवर उघडायचा. तिथे तराफे बांधलेले असायचे.

पुढून काय आत जायचं आणि मागून काय बाहेर जायचं, हे तुम्हाला लगेच कळलं. जंगलाला कळायला पिढ्या गेल्या.

मग एका साली खाडीतले मासे संपले, तळघरातला माल संपला, आणि एका सकाळी बगळेही संपले. उडून गेले. प्राण्यांनी रिकामं तळघर पाहिलं, ऊर बडवून घेतला. बाहेर येऊन डोळे पुसताना त्यांची नजर खांबांवर गेली. एक वयस्कर सांबर होता, तो म्हणाला, "काही म्हणा, इमारत मात्र पक्की आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या हंगामात पुन्हा ठेवी ठेवायला रांग लागली.

मॅनेजर म्हणून कासवाला नेमलं. कारण ते काही घेऊन पळालं असतं तरी दिवस मावळेस्तोवर वडापलीकडे गेलं नसतं. बँकेच्या कारभारात जंगलाने दाखवलेलं हे पहिलं आणि शेवटचं शहाणपण. वेळ मात्र बगळ्यांचीच राहिली. ऊन चढल्यावर उघडायची, दुपारी बंद. घुबडं, वटवाघळं, सायाळी, सगळी रात्रपाळीची मंडळी डोळे चोळत उन्हात ताटकळायची. वेळ बदला असं कुणी म्हटलं नाही. बँकेची वेळ म्हणजे बँकेची वेळ.

आणखी एक रिवाज होता. ठेव आत नेण्याआधी डावीकडच्या पहिल्या खांबाला पाठ घासायची. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या गव्याच्या पाठीला खाज सुटली असेल आणि मागच्याला वाटलं असेल की असंच करतात. पाठी घासून घासून तो खांब आरशासारखा गुळगुळीत झाला होता. फक्त खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर, सगळा ओरखड्यांनी भरला होता. ते ओरखडे सायाळींचे. त्यांनी पाठ घासली की काटे दगडावर खरखरत. रिवाज तो रिवाज, सायाळींनाही पाळावाच लागे.

आता आपली हौसाबाई.

हौसाबाई सायाळ टेकाडाच्या पायथ्याशी बिळात राहायची. नवरा जाऊन बरेच दिवस झाले होते. एकच लेक, सुंदी. ती नदीपलीकडच्या सागवानात दिली होती. सुंदीला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम सायाळींतही आहे. हौसाबाईने वर्षभर पोटाला चिमटा घेतला. करांदे उकरले, कणगरं उकरली, धावड्याच्या झाडावरचा डिंक नखानखाने खरवडला, आणि सगळं नेऊन बँकेत ठेवलं. वैशाखात जमीन लोखंड होते. तेव्हा कंद मिळायचा नाही. तेव्हा बँक आहेच, असा तिचा हिशेब.

सोमाआप्पा म्हणून तिचा शेजारी होता, खवल्या मांजर. जुना माणूस. म्हणजे जुनं खवल्या मांजर. तो तिला म्हणाला होता, अगं आपण बिळातले प्राणी, बिळातच ठेवावं. हौसाबाईने त्याला विचारलं, तुमच्या बिळाला खांब आहेत का? आप्पाला अडचणीचा प्रश्न विचारला की तो अंगाचं वेटोळं करून गप्प बसायचा. तसा तो बसला.

वैशाख लागला. उद्या-परवा सुंदी येणार, म्हणून हौसाबाई टोपली घेऊन टेकाड चढली. वर जाऊन बघते तर खांबांना दोरी बांधलेली. दरवाजा बंद. अडसर घातलेला. वर पाटी: वारसा वास्तू, पहिली श्रेणी, हात लावू नये.

दरवाजाबाहेर कासव बसलं होतं. हौसाबाईने विचारलं, काय हो मॅनेजर, आज सुट्टी का? कासवाने डोळे उघडले आणि सगळं सांगितलं. सांगायला त्याला अर्धी सकाळ लागली. तुम्हाला थोडक्यात सांगतो.

वाघमहाराज शेजारच्या जंगलात पाहुणे गेले होते. तिथल्या राजाने त्यांना आपला जुना बुरूज दाखवला. महाराज परत आले ते तोंड पाडून. म्हणाले, आपल्याकडे जुनं काय आहे? मंत्र्यांनी जंगल पालथं घातलं. जुनं होतं ते सगळं कुणी ना कुणी खाऊन टाकलं होतं. राहिली होती फक्त बँक, ती दगडाची म्हणून. लगेच वारसा समिती बसली. अध्यक्ष गिधाडअण्णा, कारण मेलेल्या गोष्टींचा अनुभव त्यांच्याइतका कुणाला नव्हता. आणि जाणकार म्हणून प्राध्यापक पिसारे, म्हणजे मोर. समितीने ठरवलं की इमारत आहे तशी राहिली पाहिजे. दरवाजा उघडला की बिजागरी झिजते, म्हणून दरवाजा बंद. आत जे आहे ते हलवलं तर मूळ स्वरूप बिघडतं, म्हणून तेही बंद.

"आणि तुम्ही इथे काय करताय?" हौसाबाईने विचारलं.

"मीही जुना आहे ना," कासव म्हणालं. "मलाही यादीत घातलंय. हलायची परवानगी नाही."

"तसे आधी तरी कुठे हलत होता?"

कासवाने मान आत घेतली.

तेवढ्यात पिसारे आले. मागे पाच-सहा हरणं, इमारत बघायला आलेली. पिसारेंचं बोलणं म्हणजे शब्दाला शब्द चिकटलेला, डिंक बरा त्यापेक्षा. हे भव्य स्तंभ पाहा, म्हणाले, यांच्यात बगळेकालीन वैभवाचा दिमाख आहे. हा सपक्ष मत्स्य पाहा, जल आणि आकाश यांचा संगम आहे. मग सगळ्यांना मागे नेलं. मागच्या अरुंद दरवाजापुढे ते इतका वेळ गप्प उभे राहिले की हरणांना वाटलं कुणीतरी गेलं.

"ही प्रमाणबद्धता," पिसारे शेवटी म्हणाले, "जंगलात दुसरीकडे कुठेही नाही."

हौसाबाईची पणजी ह्याच दरवाजासमोर ऊर बडवून रडली होती. तिचे सगळे करांदे ह्याच प्रमाणबद्धतेतून खाडीवर गेले होते. पण हौसाबाईला जुनं उकरायचं नव्हतं. तिला आपले कंद हवे होते, भांडण नको होतं.

मग पिसारे पुढे आले आणि डावीकडच्या खांबाशी ओणवे झाले. हा खांब म्हणजे त्यांचा जीव की प्राण. खालचे ओरखडे त्यांनी वाचले होते. ती लिपी आहे, म्हणाले, अतिप्राचीन. एका दानशूर राजाने आपल्या प्रजेसाठी इथे धान्य ठेवलं असा मजकूर आहे. ह्या शोधाबद्दल वाघमहाराजांनी त्यांना शाल आणि नारळ दिला होता. शाल अजून खांद्यावर होती. नारळ माकडांनी पळवला होता.

हौसाबाई त्या ओरखड्यांना नाक लावून बघू लागली. तिला हसू आवरेना.

"अहो गुरुजी, ही माझी आजी आहे."

"कोण?"

"आजी. आणि ही खालची तिरकी रेघ आईची. तिचा एक काटा वाकडा होता. पाठ घासायची रीत आहे ना, त्याचे वण हे."

हरणं फिसकन हसली. पिसारेंचा पिसारा किंचित उघडला आणि मिटला. ते म्हणाले, बाई, ह्या क्षेत्रात असं पुराव्याशिवाय बोलून चालत नाही. हौसाबाई म्हणाली, पुरावा दाखवते की. आणि ती पाठ फिरवून खांबाकडे सरकली. काटे उभे राहिले. पिसारे शाल सावरत मागे झाले आणि म्हणाले, दोरीच्या आत यायचं नाही.

मग तिने मुद्द्याचं बोलून घेतलं. माझे कंद आत आहेत, डिंक आहे, लेक बाळंतपणाला येतेय, तेवढं काढून द्या, मग तुमची बँक तुम्हाला लखलाभ. पिसारे म्हणाले, तुमचे होते. आता ते संग्रहातले आहेत. त्यांना हात लावणं म्हणजे चोरी, आणि ह्या चोरीला शिक्षा एकच, खाडीपलीकडे हद्दपार.

गिधाडअण्णा घुमटावर बसले होते. हौसाबाईने त्यांना खालूनच विचारलं, परत कधी मिळतील?

अण्णांनी तिच्याकडे खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं. म्हणाले, "घाई कशाला? मेल्यावर बघू."

कोण मेल्यावर, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुंदी आली. पोट जमिनीला टेकायला आलेलं. तिच्या सासूने निरोप धाडला होता, पोरीला नीट जेवू घाला, आमच्याकडे डिंकाचे लाडू वाटीवाटीने खातात. हौसाबाई लेकीला म्हणाली, आजचा दिवस साल चघळ, उद्या बँकेतून आणते. उद्या झालं, परवा झालं. सुंदीला सगळं समजत होतं, पण आईला तोंडघशी कशाला पाडा, म्हणून ती काही बोलत नव्हती. सांबराने टाकलेलं एक शिंग कोपऱ्यात पडलं होतं, ते घेऊन कुरतडत बसायची. बिळात दिवसभर कुर्रकुर्र.

हौसाबाई रोज टेकाडावर जायची. दोरीपाशी उभी राहायची. हात जोडायची. कुणाला? खांबांना. सवयच तशी लागलेली.

शेवटी सोमाआप्पाच एकदा वेटोळं सोडून बोलला.

"हौसे, तू सायाळ आहेस की नाही?"

"म्हणजे काय, आप्पा?"

"सायाळीला काय येतं?"

"काटे फुलवता येतात."

"आणि?"

तिच्या आईला, आजीला, पणजीला, सात पिढ्यांना जे येत होतं, ते तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बँकेच्या दारात हात जोडून उभं राहायचं, एवढंच सुचलं होतं. मासोळीने तहानेने व्याकूळ होऊन पाणपोई शोधावी, त्यातला प्रकार.

"पण आप्पा, बँकेखाली खणायचं?" ती हळूच म्हणाली. "तिचा पाया पाताळापर्यंत आहे म्हणतात. मदतीला येता का?"

आप्पाने वेटोळं केलं.

वैशाखातली दुपार. जंगल सावलीला झोपलेलं. घुमटावर गिधाडअण्णांची मान पंखात. बँकेच्या मागे करवंदीची जाळी होती, त्या जाळीत हौसाबाईने पहिलं नख मारलं. वरची जमीन दगडासारखी होती. नखं फाटली. पण लेकीचं कुर्रकुर्र कानात होतं, म्हणून खणत गेली. थोडं खाली गेल्यावर एक मोठा घडीव दगड लागला. झालं, म्हणाली, हा पाताळापर्यंत जाणार. म्हणून ती त्याच्या बाजूने खाली गेली. आणि काय आश्चर्य, एका हातावर दगड संपला. खाली नुसता मुरूम.

तिने दुसरीकडे चाचपलं. तिथेही तेच. बँकेला पायाच नव्हता.

पोरांनो, ही गोष्ट नीट लक्षात घ्या. चार खांब, कपाळ, मासा, घुमट, टोक, सगळं उभं होतं ते हातभर मातीत. बगळ्यांना कुठे कायमचं राहायचं होतं? त्यांनी सगळा दगड पुढे लावला, जिथे दिसतो तिथे.

एवढी वर्षं आपण कशाला हात जोडले, हे हौसाबाईला खालून दिसलं. मग ती पुढे सरकली. तळघर म्हणजे मुरमात खणलेला नुसता खड्डा, त्याची फरशी दोन बोटं जाड होती. डोक्याने रेटली तशी हलली.

आत तिचे कंद होते. बाकीच्यांचेही ढीग होते, सांबराची मोहाची फुलं, अस्वलाच्या चारोळ्या, खारींचं काहीबाही. तिने वास घेऊन फक्त आपलं उचललं. त्या दिवशी फक्त आपलं, हे मुद्दाम सांगतो. भुयार अरुंद होतं. येताना जाताना पाठीचे काटे भिंतींना खरखरत होते. मागे वळून बघायला तिला वेळ नव्हता.

करांदे, कणगरं बिळात पोचली. सुंदी जेवली. डिंक राहिला होता, तो दुसऱ्या दिवशी आणू, असं हौसाबाईने ठरवलं. आणि तिथेच फसली.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुंदीला कळा सुरू झाल्या. दुपारपर्यंत थांबायला वेळ कुठे होता? हौसाबाई आप्पाला दाराशी बसवून तशीच भर सकाळी भुयारात शिरली. डिंकाचं गाठोडं तोंडात धरून वर आली, करवंदीतून डोकं बाहेर काढलं, तर समोर वाघमहाराज.

महाराज मागचा दरवाजा बघायला आले होते. दोन्ही बाजूंना अण्णा आणि पिसारे. मागे अख्खा दरबार.

हौसाबाईच्या डोक्यावर मुरूम. तोंडात गाठोडं. पायाशी ताज्या मातीचा ढीग. चोर कसा दिसतो हे कुणाला चितारायचं असतं, तर त्याने तिथेच बसून चितारलं असतं.

महाराजांनी विचारलं, ही कोण? अण्णा म्हणाले, चोर, महाराज, वारसा पोखरला हिने, आजच खाडीपलीकडे घालवू. हौसाबाईच्या डोळ्यांपुढे बीळ आलं, आणि बिळात कळा देणारी पोर, आणि दाराशी वेटोळं करून बसलेला आप्पा. त्याच्या भरवशावर बाळंतपण सोडायचं? तिचे काटे आपोआप मिटले.

पिसारे म्हणाले, मी आधी नुकसान किती ते बघतो. त्यांनी भुयारात मान घातली.

मान बराच वेळ आत राहिली.

बाहेर आली तेव्हा पिसारेंचा रंग उडाला होता, आणि मोराचा रंग उडणं म्हणजे काय ते तुम्ही समजा. भुयाराच्या दोन्ही भिंतींवर ओरखडे होते. खांबावर होते तस्सेच. तीच वळणं. तीच अक्षरं. दानशूर राजाचा मजकूर, जागोजाग, ताजा ताजा.

पिसारेंनी हौसाबाईकडे पाहिलं. हौसाबाईने त्यांच्या खांद्यावरच्या शालीकडे पाहिलं.

बाई शाळेत गेली नव्हती. पण कोण कुठे अडकलंय ते कळायला शाळा लागत नाही. आपण खणलं म्हणून कबूल केलं तर आपण खाडीपलीकडे जाऊ. पण जाता जाता खांबावर माझी आजी आहे हेही महाराजांना कळेल, आणि मग ती शाल उतरेल.

"महाराज," पिसारे म्हणाले. आवाज जरा चिरकला. "आत तीच लिपी आहे."

"म्हणजे हे भोक जुनं आहे?"

"खांबांइतकं तरी असावं."

अण्णा चोच वाकडी करून म्हणाले, "माती तर ओली आहे."

"उत्खननाची माती ओलीच असते," पिसारे म्हणाले. "तुम्हाला मेलेलं कळतं अण्णा, पुरलेलं मला कळतं."

महाराजांना मातीत रस नव्हता. शेजारच्या राजाकडे बुरूज होता, पण भुयार नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात आलं होतं. त्यांनी मिशीवर जीभ फिरवली आणि सरळ हौसाबाईला विचारलं.

"खरं सांग बाई. हे तू खणलंस?"

पिसारे आकाशाकडे बघत होते.

हौसाबाईने गाठोडं खाली ठेवलं. म्हणाली, "एवढं जुनं काम मला कुठून जमायचं, महाराज? मी आपली केर काढत होते."

"आणि त्या गाठोड्यात काय?"

"केरच आहे."

महाराज खूश झाले. भुयार तिथल्या तिथे यादीत गेलं. पाटी लागली. मग निघालं की त्याची देखभाल करायला कुणीतरी पाहिजे, आणि आत मावेल असा प्राणी दरबारात एकही नाही. पिसारेंनीच नाव सुचवलं. त्यांनी इतक्या घाईने सुचवलं की अण्णांना आक्षेप घ्यायला चोच उघडायची सवड मिळाली नाही. हौसाबाई सायाळ, देखरेखीस, रोज केर काढण्याच्या कामावर. बाकी कुणी आत शिरल्यास हद्दपार.

हौसाबाईने महाराजांना नमस्कार केला, केर उचलला आणि धावत सुटली.

सुंदीला दोन पोरं झाली. मऊ काट्यांची. बारशाला डिंकाचे लाडू वाटीवाटीने केले, आणि सासूकडे मुद्दाम एक वाटी जास्त धाडली. सोमाआप्पा सगळ्यांना सांगत सुटला की बाळंतपण आपणच केलं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण खरी गोष्ट अशी जिथल्या तिथे संपत नाही.

महिन्याभराने एक सांबर, मघाच्या त्या वयस्कर सांबराचा पणतू, हौसाबाईच्या बिळाशी आला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाला, माझी मोहाची फुलं तेवढी केरात निघाली तर बघ. दुसऱ्या दिवशी केरात मोहाची फुलं निघाली. हौसाबाईने त्यातली ओंजळभर बाजूला काढून ठेवली. ती काढतेय हे सांबराने पाहिलं, आणि तरी तो म्हणाला, तुझ्यासारखी देवमाणूस नाही. मग अस्वल आलं, मग खारी आल्या. जो तो आपलं घेऊन जाई आणि एक ओंजळ मागे राही. पुढे पुढे ओंजळ जरा मोठी झाली. काटेवाल्याचा हात तो, अंदाज थोडा चुकतो.

वर, खांबांपुढे, पिसारे नव्या हरणांना माशाचा अर्थ सांगत. आत तळघर रिकामं होत होतं. कासव यादीत होतं, त्यामुळे ते काही बोललं नाही.

पावसाळा सरला. नवा हंगाम आला. कंद भरले, मोह वाळला, आणि ते ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. घूस अजून सगळ्यांच्या डोक्यात होतीच. सांबर पुन्हा हौसाबाईकडे आला. म्हणाला, तुझ्याकडेच ठेवावं म्हणतो. त्याने बिळात डोकावून पाहिलं. बीळ कोरडं होतं, ऐसपैस होतं, खोल होतं. बँकेच्या पायापेक्षा कितीतरी खोल. तरी तो घुटमळला.

"काय अडलं आता?" हौसाबाईने विचारलं.

"तसं काही नाही गं," सांबर म्हणाला. "बीळ चांगलंय. पण कसं आहे, बघणाऱ्याला जरा भरवसा वाटायला पाहिजे."

हौसाबाईने त्याच्याकडे बघितलं. मग टेकाडाकडे बघितलं. मग ओढ्यातून दोन उभट दगड आणवले आणि बिळाच्या तोंडाशी, एक इकडे एक तिकडे, उभे केले. त्यांनी काहीही तोलून धरलं नव्हतं. हातभर खड्डाही केला नाही तिने, वीतभरच पुरले. आणि डावीकडच्या दगडाला सकाळ-संध्याकाळ पाठ घासायला लागली.

चौथ्या दिवशी रांग लागली.

रांगेशेजारून एकदा पिसारे चालले होते. दगड बघून थांबले. ओणवे झाले. ओरखड्यांवरून त्यांनी चोच फिरवली, आणि फक्त हौसाबाईला ऐकू जाईल असं विचारलं, "जुने आहेत?"

"होतील की," हौसाबाई म्हणाली.

तात्पर्य: भोक नवं असेल तर ती चोरी, जुनं असेल तर तो वारसा. म्हणून पोरांनो, काय पोखरायचं असेल ते लहानपणीच पोखरून ठेवा. जुनं व्हायला वेळ लागतो. आणि दाराशी दोन खांब उभे करायला विसरू नका. पाया कुणी विचारत नाही.